तोंडचं पाणी

२ मार्च, पहाटे. पायसांदू, उरुग्वे

आज निघालोच. मुक्तविचार मंडळात कित्येक वर्षं सांगत होतो, आणि मंडळी म्हणत होती, मास्तरांची बोलाचीच कढी. घ्या, आता भातही वाढला.

योजना अशी. एकट्याने, मोटारसायकलवर, पूल ओलांडून अर्जेंटिना आडवा कापायचा. मग अँडीज चढायचा, चिलेत उतरायचं आणि दहाव्या दिवशी पॅसिफिकमध्ये पाय बुडवायचे. हॉटेल नाही. तंबू, पाव, मॉर्तादेला नावाचं सॉसेज आणि येर्बाच्या चहासाठी पेट्रोलपंपावरचं फुकटचं गरम पाणी. स्वस्तातला प्रवास हाच खरा प्रवास. बसमध्ये बसून जातात ते प्रवासी नव्हेत, ते सामान.

गाडी दीडशे सीसीची, तिसऱ्या हाताची. टाकीवर पांढऱ्या रंगात नाव रंगवून घेतलं: विवेक. एर्मेस (मंडळाचा उपाध्यक्ष, माझा एकमेव खरा शिष्य) म्हणाला, मास्तर, विवेक चढावर दम धरेल ना? म्हटलं, विवेकच दम धरतो, बाकी सगळे धापा टाकतात.

निघताना नेलिदाने बाटली हातात ठेवली. घरच्या नळाचं पाणी, मानेला लाल फीत. सान हुआनच्या वाळवंटात, वालेसितोला, दिफुंता या लोकदेवीच्या देवळात ठेवायची. यानिनासाठी. आमच्या लेकीला आठवा लागलाय आणि बाळ पोटात आडवं आहे. डॉक्टर म्हणतात, बघू. नेलिदा बघत बसणाऱ्यांतली नाही.

लग्न झाल्यापासून या बाईला अंधश्रद्धेविषयी समजावतोय. पालथ्या घड्यावर पाणी. आणि आता तेच पाणी बाटलीत भरून माझ्या बॅगेत.

घेतली. वाद घालायला वेळ नव्हता. शिवाय यानिना दारात उभी होती. माझ्याकडे नाही, बाटलीकडे बघत होती. ती हल्ली झोपत नाही.

२ मार्च, संध्याकाळी. कोलोन, अर्जेंटिना

पूल ओलांडला. परदेश! मॉर्तादेला मात्र अलीकडेच राहिली. कस्टमच्या बाई म्हणाल्या, परदेशी मांस चालत नाही. मग बाटलीवर बोट ठेवून विचारलं, हे काय? सांगितलं. सरकारी गणवेशातली बाई, तिने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, जा काका, तिला माझाही नमस्कार सांगा.

राज्य आणि धर्म यांची फारकत या विषयावर दोन शब्द बोलणार होतो. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले.

५ मार्च. वियागुआयच्या पुढे

योजनेनुसार मी आज कोर्दोबात. कोर्दोबा आपल्या जागी आहे, मी अजून पोचलेलो नाही. विवेक साठच्या वर गेला की थरथरतो. चेन उतरते. मेकॅनिक म्हणाला, काका, गाडी वाईट नाही, वजन जास्त आहे. पुस्तकांबद्दल बोलत असावा.

हॉटेल नाही हा नियम आज एकदाच मोडला. डास. मोडल्याशिवाय नियम होता हे सिद्ध कसं होणार?

रस्त्याकडेला सारख्या दिफुंताच्या देवळ्या दिसतात. विटांची छोटी कोनाडी, भोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग, जुने टायर. ट्रकवाले हॉर्न देऊन पुढे जातात. कथा काय, तर नवऱ्याला लढाईवर ओढून नेलं, ही बाई तान्हं मूल घेऊन त्याच्या मागावर वाळवंटात शिरली आणि तहानेने मेली. मूल तिच्या छातीशी दूध पीत जिवंत सापडलं म्हणे. तेव्हापासून अख्खा देश तिला पाणी पाजतोय. जिवंत होती तेव्हा एक घोट कुणी दिला नाही, मेल्यावर बाटल्यांचे डोंगर!

वाक्य चांगलं जमलं. कुठेतरी वापरायला हवं.

७ मार्च. सान फ्रान्सिस्कोच्या (अर्जेंटिनातल्या) अलीकडे, पेट्रोलपंप

वापरलं.

हे लिहायला नको. पण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही असा नियम केलाय, आणि दुसरे सगळे नियम मोडून झालेत.

पंपावर ट्रकवाले जेवत होते. मी मास्तर असल्याचं त्यांना आल्या आल्या सांगितलं होतं. त्यांतला एक, कांद्याच्या ट्रकचा ड्रायव्हर, नाव चिचो, पोट स्टिअरिंगला घासून तुळतुळीत झालेलं. त्याने माझ्या बॅगेतून डोकावणारी लाल फीत पाहिली. ओरडला, अरे, हे बघा, उरुग्वेचे मास्तरसुद्धा दिफुंताला निघाले! तुमच्याकडे तर देवाला कायमची रजा दिलीय म्हणतात!

मग मला बोलावंच लागलं. बाकावर चढलो. फार छान बोललो, स्वतः म्हणू नये, पण इथे दुसरं कोण म्हणणार? भीती, अज्ञान, दलाल, मेणबत्त्यांचा धंदा. लोक एम्पनादाच्या करंज्या हातात धरून ऐकत राहिले. मग ते वाक्य आलं. जिवंत होती तेव्हा एक घोट… इथे आवाज खर्जात नेला. थांबलो.

मोठं वाक्य आलं की माझा घसा सुकतो. शाळेपासूनची सवय. टेबलावर पाण्याचा ग्लास असायचा, हात न बघता तिकडे जायचा. हात गेला. झाकण उघडलं. प्यायलो. पाऊण बाटली. हनुवटीला काहीतरी गुदगुल्या करत होतं, म्हणून खाली पाहिलं.

लाल फीत.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चिचोने टोपी काढली आणि म्हणाला, मास्तर, जिवंतपणी कुणी दिलं नाही ते खरं, पण मेल्यावर तरी तिला पिऊ द्यायचं होतंत.

बाकावरून उतरलो. उतरताना बाक हलला. बाक सदोष होता.

८ मार्च, सकाळ. तोच पंप

शांत डोक्याने विचार केला. काहीही झालेलं नाही. मी पाणी प्यायलो. माणसं पितात.

उरलेलं पाव बाटली पाणी येर्बाच्या चहाला वापरलं. अर्धामुर्धा नवस ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय पंपावरचं गरम पाणी संपलं होतं. चहा कडू लागला. येर्बा कडूच असते, पण ही मागून कडू लागली.

मग पंपाच्या नळावर बाटली भरली. पाणी म्हणजे पाणी. दोन भाग हायड्रोजन, एक भाग प्राणवायू, शून्य भाग नेलिदा. फीत पुन्हा बांधली. नेलिदाची गाठ निराळी असते, दुहेरी, टोकं आत खोचलेली. माझी जमली नाही. बुटाच्या नाडीची गाठ मारली. गाठ म्हणजे गाठ.

ट्रकवाले निघून गेले होते. जाताना माझ्या गाडीवर कुणीतरी एक केळं ठेवून गेलं होतं. दया नको आहे मला. केळं चांगलं होतं.

९ मार्च. कोर्दोबा शहर

योजनेनुसार आज वालेसितो. विवेकचा क्लच जळला. भाग मागवलाय. गॅरेजवाला म्हणतो, उद्या. मलाही गेले दोन दिवस तो हेच सांगतोय, असं त्याचं दुसरं गिऱ्हाईक म्हणालं.

सात वाजता नेलिदाचा फोन. पहिला प्रश्न, ठेवलंस का? नमस्कार नाही, जेवलास का, तेही नाही.

खरं सांगणार होतो. क्लचचं सांगावं, मग पंपाचं, मग भाषणाचं, असा क्रम मनात लावला होता. तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, उद्या तपासणी आहे, यानिना माझ्या शेजारी बसली आहे, तुझंच नाव घेऊन फोन लावायला सांगत होती.

ठेवलं, म्हणालो.

पलीकडे कुणीतरी मोठा श्वास सोडला. नेलिदा नव्हती ती.

नेलिदाने विचारलं, गर्दी होती का? म्हटलं, बरीच. ऊन? म्हटलं, भयंकर. बाटली कुठे ठेवलीस? म्हटलं, वरच्या बाजूला, सावलीत. एकदा बोलायला लागलो की मी तपशील सोडत नाही. व्यावसायिक दोष.

आज एक ठरवलं: हे खोटं नाही. हे आगाऊ सांगितलेलं खरं आहे. वालेसितोला जाणारच आहे. फक्त तारीख मागेपुढे.

१० मार्च. कोर्दोबा

भाग आला नाही. पाणी कमी पितोय. कारण शिस्त. ग्लास तोंडाशी नेला की हनुवटीला गुदगुल्या होतात. उन्हाळ्याचा परिणाम असावा.

११ मार्च. कोर्दोबा

योजनेनुसार आज पॅसिफिक. नेलिदाने कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती, म्हणून तिला आज समुद्राची हकीगत हवी होती. सांगितली. निळा, अफाट, वगैरे. मी गॅरेजच्या मागे टायरवर बसलो होतो. हमरस्त्यावरून मोठा ट्रक गेला. नेलिदा म्हणाली, लाटांचा आवाज किती जवळून येतोय रे! मी म्हणालो, हो, भरती आहे. मग आणखी तीन भरत्या आल्या. शेवटच्या भरतीने हॉर्न दिला. नेलिदाने विचारलं, हे काय? म्हटलं, बोट.

तिला शिंपला हवाय. यानिनाच्या बाळासाठी, कानाला लावायला.

१२ मार्च. कोर्दोबा

यानिनाचा फोन. स्वतः. आधी नुसतीच रडत होती, माझ्या हातातला पाव खाली पडला. मग म्हणाली, बाबा, फिरलं. डोकं खाली आलं. तू बाटली ठेवलीस ना, त्याच रात्री पोटात नुसता धुमाकूळ, सकाळी डॉक्टर म्हणतात, अरेच्चा! त्यांचा आपला विश्वासच बसेना, पुन:पुन्हा तपासलं, म्हणून तुला आज सांगतेय. आणि बाबा, मी झोपले. सलग. आई म्हणते, घोरले.

डोळ्यांत धूळ गेली. कोर्दोबात धूळ फार.

नंतर एकटा बसून विचार केला. आडवी बाळं आपणहून फिरतात. नेहमीची गोष्ट. कुठल्याही रात्री फिरलं असतं. मी सांगितलेल्याच रात्री फिरलं, यात माझी चूक नाही आणि बाळाचीही नाही.

तरी निश्चय केला. खरं सांगायचं. बाळंतपण सुखरूप झालं की लगेच. किंवा बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला. त्या दिवशी सगळे आनंदात असतात.

१५ मार्च. कोर्दोबा

क्लच बसला. पण आजचा दिवस क्लचचा नाही.

नेलिदा म्हणते, गल्लीभर बातमी पसरली. कोपऱ्यावरच्या बेकरीत, न्हाव्याकडे, मंडळाच्या पायऱ्यांवरसुद्धा. लिबेर एत्चेवेरी, ज्याने आयुष्यात देवळाचा उंबरा ओलांडला नाही, तो मोटारसायकलवरून वाळवंटात गेला, बाटली ठेवली आणि त्याच रात्री बाळ फिरलं. लोक म्हणतात, एखादी जपमाळवाली म्हातारी गेली असती तर आम्ही मानलं नसतं, पण लिबेर! तो तर कशालाच मानत नाही, तो खोटं कशाला सांगेल?

माझ्या आयुष्यभराच्या सचोटीची ही अशी किंमत वसूल झाली.

आता कोपऱ्यावर, आमच्याच भिंतीला लागून, दिफुंताची देवळी बांधतायत. एर्मेसने विटा दिल्या. फोन त्याच्याकडे द्यायला लावला. तो म्हणाला, मास्तर, मंडळाचे सगळे सभासद आले होते. मी विचारलं, विरोध करायला ना? म्हणाला, नाही, गिलावा करायला.

एकोणतीस तारखेला उद्घाटन. वक्ता मी. एर्मेस म्हणाला, मास्तर, तुमच्याशिवाय दुसरं कोण शोभणार, आणि तुम्ही भाषणाला नाही म्हटल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

नाही म्हणालो नाही.

पॅसिफिक रद्द. पॅसिफिकवर पाणी सोडलं. आता एकच लक्ष्य: वालेसितो गाठायचं, बाटली ठेवायची, इतिहास दुरुस्त करायचा. मी इतिहासाचा शिक्षक होतो. परिणाम आधी आणि कारण नंतर, अशी उदाहरणं इतिहासात नाहीत. सुरुवात कुणीतरी करायलाच हवी.

१६ मार्च. कोर्दोबा सोडताना

पंपाच्या नळाचं पाणी ओतून दिलं. इतक्या दिवसांनी ते बरोबर वाटेना. दुकानातून झऱ्याच्या पाण्याची महागडी बाटली घेतली आणि फितीच्या बाटलीत भरली. नेलिदाच्या नळापेक्षा शास्त्रीयदृष्ट्या शुद्ध. पुन्हा वाटलं, घरचं ते घरचं. हा विचार मी केला नाही, तो आला.

वाटेत एक देवळी लागली. थांबलो, थर्मॉसमधलं थोडं पाणी तिथल्या दगडावर ओतलं. दगड तापला होता.

१८ मार्च. घाट

विवेक पूर्ण बंद पडला. चढावर, वळणावर, भर उन्हात. आधी धूर, मग आवाज, मग शांतता. दोन्ही हातांनी ढकलला. दर थोड्या अंतराने त्याच्याशी बोललो. सुरुवातीला प्रेमाने.

दुपारी ट्रक थांबला. कांद्याचा वास आधी आला, चिचो नंतर. म्हणाला, अरे! पाणीवाले मास्तर! मग टाकीवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, विवेक खचला वाटतं?

त्याने आणि मी विवेक उचलून ट्रकमध्ये घातला. आडवा, रिकाम्या गोण्यांवर, दोरीने बांधून. पुढच्या सीटवर त्याचा कुत्रा बसतो, तो उठला नाही. मी मागे बसलो, गाडीशेजारी.

बसमधून जाणाऱ्यांना मी काय म्हणालो होतो, ते पहिल्या पानावर आहे. पान उलटून बघितलं नाही.

संध्याकाळी ढाब्यावर चिचोला सगळं सांगितलं. त्यालाच सांगता येत होतं, तो साक्षीदार होता. तो बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, मास्तर, तुम्ही नुसतं पाणी नाही प्यायलात, तुम्ही चमत्कार केलात. आमच्याकडे लोक हजार मैल येतात आणि होत नाही. तुम्ही फोनवर केलात.

मी म्हणालो, तो चमत्कार नव्हता. तो म्हणाला, मग लेकीला सांगा की. मी म्हणालो, ती आता झोपते. तो म्हणाला, हं. आणि माझ्याकडची एम्पनादा त्याने न विचारता उचलली, म्हणजे आमची मैत्री झाली.

१९ मार्च. वालेसितो

पोचलो. नऊ तारखेला इथेच होतो असं मी सांगितलंय, त्यामुळे पहिल्यांदा बघूनही ओळखीचं वाटावं अशी अपेक्षा होती. वाटलं नाही. गर्दी नव्हती. सावली मुळीच नव्हती. म्हणजे माझं वर्णन पूर्ण चुकलं होतं.

बाटल्या मात्र खऱ्याच डोंगराएवढ्या. दुधाच्या, कोल्याच्या, औषधाच्या. ट्रकच्या नंबरप्लेटी, लग्नाचे झगे, छोट्या घरांचे नमुने, पाळणे. टेकडीवर जायला पायऱ्या. चिचो म्हणाला, ज्याने तिचं पाणी घेतलं, त्याने गुडघ्यांवर चढायचं असतं. मी विचारलं, असा नियम कुठे लिहिलाय? म्हणाला, कुठे नाही. आत्ता केला.

मी गुडघ्यांवर चढलो. हेतू निव्वळ अभ्यासाचा. पायऱ्या किती झिजल्या आहेत ते उभ्याने नीट दिसत नाही. फार झिजल्या आहेत. मध्येच एक म्हातारी पाठीवर सरकत वर जात होती, ती मला म्हणाली, घाई नको रे पोरा, ती कुठे जात नाही. साठी उलटल्यावर मला कुणी पोरा म्हणालं नव्हतं.

वर गेलो. बाटली ठेवली. तिथे ती मातीची मूर्ती, आडवी पडलेली बाई, छातीशी मूल. तिला स्पष्ट कळवलं की मी तुला मानत नाही. मग म्हटलं, पण पाण्याचं राहून गेलं होतं. मग आणखी काय म्हणालो ते इथे लिहायचं कारण नाही.

फोटो काढून नेलिदाला पाठवला. खाली लिहिलं, हा त्या दिवशीचाच, सिग्नल नव्हता म्हणून उशीर.

नेलिदाचं उत्तर: बरं. एवढंच. नेलिदा कधी एका शब्दात थांबत नाही. सिग्नल खराब असावा.

देवळाच्या दुकानात शिंपला मिळाला. वाळवंटात समुद्राचे शिंपले विकतात, यावर एक चांगला लेख होईल. आतल्या बाजूला रंगाने लिहिलं होतं, वालेसितोची आठवण. घासून काढलं. वालेसितो गेलं. आठवण जाईना.

२४ मार्च. घर

चिचोने कोलोनपर्यंत आणून सोडलं, पुलापलीकडून एर्मेस व्हॅन घेऊन आला. विवेकला दोघांनी उतरवलं. त्याचं इंजिन आता बदलावं लागेल असं कळलं. गल्लीत लोक बाहेर आले. एकाने विवेकला हात लावून हात डोळ्यांना लावला. मी म्हटलं, अहो, नुसती खराब गाडी आहे. तो म्हणाला, केवढा नम्रपणा!

यानिनाचे गाल भरलेत. शिंपला कानाला लावून म्हणाली, ऐकू येतो की समुद्र! मग आत बघून म्हणाली, आठवण? म्हटलं, हो, तिकडे लिहितात तसं.

नेलिदाने माझे गुडघे पाहिले. कशाने खरचटलं विचारलं नाही. मलम आणून ठेवलं. हे भयंकर आहे. ती ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं देता येतात.

२७ मार्च. घर

भाषण लिहितोय. खरं बोलायचं नाही, खोटंही बोलायचं नाही. विषय: तहान. तहान ही मानवी वस्तुस्थिती आहे, तिच्याबद्दल सश्रद्ध आणि अश्रद्ध दोघांनाही बोलता येतं. दिफुंताचा उल्लेख एकदाच. बाटलीचा उल्लेख असा करायचा: ती बाटली मी माझ्या हातांनी तिच्या पायाशी ठेवली. शब्दन् शब्द खरा. फक्त तारीख गाळली.

आयुष्यात इतकं काळजीपूर्वक भाषण लिहिलं नव्हतं. इतकं वाईटही.

एर्मेस सांगत होता, उद्घाटनाला समोर टेबल असेल, त्यावर चादर, फुलं. मी म्हटलं, पाण्याचा ग्लास नको. तो म्हणाला, मास्तर, तुम्हाला ग्लासाशिवाय बोलता येत नाही, सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, नको म्हणजे नको. खबरदारी.

२९ मार्च, संध्याकाळी. घर

उद्घाटन झालं.

सगळी गल्ली होती. देवळी नीट बांधलीय, गिलावा गुळगुळीत, मंडळाचं काम मानावं लागेल. यानिना पहिल्या रांगेत, पोटावर हात ठेवून. नेलिदा तिच्या शेजारी. टेबलावर ग्लास नव्हता. एर्मेसने शब्द पाळला होता.

चांगलं बोललो. तहान, माणूस, वाळवंट. सगळे माना डोलावत होते. मग ते वाक्य आलं. ती बाटली मी माझ्या हातांनी… इथे आवाज खर्जात नेला. थांबलो. घसा सुकला.

ग्लास नव्हता हे माझ्या डोक्याला माहीत होतं. हाताला नव्हतं. हात गेला. टेबलावर नाही, शेजारी, देवळीकडे. झाकण उघडलं. प्यायलो. हनुवटीला गुदगुल्या व्हायला लागल्या तेव्हा कळलं. यानिनाने सकाळीच फीत बांधून ठेवलेली बाटली, बाळ सुखरूप येऊ दे म्हणून. घरच्या नळाचं पाणी. चव ओळखली.

कुणी हसलं नाही. पुन्हा.

एर्मेसने गिलाव्याकडे बघितलं. यानिनाने माझ्याकडे. तिने विचारलं, बाबा, तेव्हापण असंच झालं का? तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मी सावरलो असतो.

मी नेलिदाकडे वळलो. ती म्हणाली, माझ्याकडे काय बघतोस, मला केव्हापासून ठाऊक आहे. फोटोतली गाठ माझी नव्हती. बुटाची होती. तू कधी सांगतोस ते बघत होते. यानिना झोपत होती, म्हणून गप्प बसले.

तीन उत्तरं तयार होती, क्लच, ऊन आणि सदोष बाक. त्यांतलं एकही बाहेर आलं नाही. यानिना पोटावरून हात फिरवत राहिली. मग हळू म्हणाली, जणू पोटातल्यालाच सांगत होती, म्हणजे ते आपणहूनच फिरलं तर.

आयुष्यभर हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. गल्लीभर माणसं माझ्या उत्तराची वाट बघत होती, इतका श्रोतृवर्ग मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

हो, म्हणालो. भाषण एवढंच झालं.